कॅप्टनसाहेबांच्या नावाचा रस्ता

बाबा जिवंत होते तेव्हा विद्यापीठाच्या लोकांनी त्यांना दोनदा सभेतून बाहेर काढलं होतं. एकदा चिखलाच्या बुटांमुळे आणि एकदा तोंडामुळे. ते गेले आणि महिनाभराच्या आत त्याच विद्यापीठाला साक्षात्कार झाला, की कॅप्टनसाहेब आपले माजी विद्यार्थी होते, आणि नुसते विद्यार्थी नव्हे तर भूषण वगैरे होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. मला फक्त एवढंच कळत नव्हतं, की या दुधाचं लोणी कोणाला खायचं आहे. तेही लवकरच कळलं.

आधी माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस घरी आला. कोट भला मोठा आणि आत माणूस एवढासा. बरोबर खोकी उचलायला दोघं जण. बसायला सांगायच्या आधीच बसला आणि चहा यायच्या आधीच हळहळला.

"ताई, स्मृतिसभा अगदी भव्य करायची असं कुलगुरूंच्या मनात आहे. कॅप्टनसाहेबांच्या काही वस्तू मिळाल्या तर प्रदर्शन मांडू."

"कसल्या वस्तू?"

"पदक, गणवेश, लढाईतली एखादी आठवण. लोकांना ते आवडतं."

"गणवेश उंदरांनी खाल्ला. पदक खिळ्यांच्या डब्यात असेल, बघते."

त्याला वाटलं मी विनोद करते आहे. मी खरंच डबा आणून त्याच्यासमोर ओतला. खिळे, वायसर, एक मोडकं कुलूप आणि त्यात ते पदक. चिटणीसाने खिशातून रुमाल काढून ते असं पुसलं, की जणू तान्ह्या बाळाचं नाक पुसतो आहे. मग घरभर फिरला. जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला दोन फोटो होते, काळे-पांढरे, एकाच मापाच्या चौकटीतले. डावीकडचा एका झाडीने भरलेल्या डोंगराचा. उजवीकडचा त्याच डोंगराचा, पण उघडाबोडका, दगडमातीचा. चिटणीस त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अहाहा!"

झालं. एवढ्यावर त्याने ते उतरवून खोक्यात भरले. हा डोंगर कुठला, फोटो कोणी काढले, कधी काढले, एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. शिकलेल्या माणसांना प्रश्न विचारायची सवय नसते, त्यांना उत्तरं येत असतात.

त्या फोटोंवरून आमच्या घरात एकदा केवढं रामायण झालं होतं. भिंतींना रंग दिला तेव्हा आईने ते परत लावताना उलटसुलट लावले. उघडा डोंगर आधी, झाडीचा नंतर. बाबा जेवायला बसले, वर पाहिलं आणि ताटावरून उठले. ओरडले नाहीत. हातोडी आणली, दोन्ही काढले, पुन्हा पहिल्यासारखे लावले आणि मग गार झालेलं जेवले. आई म्हणाली, "हिरवळीकडे बघत उठलं तर काय पाप लागतं का?" बाबा हात धुवायला उठले. ते आईला कधीच उत्तर देत नसत.

आता उताराविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. विद्यापीठाच्या मागे एक लांबच लांब टेकडी आहे, ती खाली तळ्यापर्यंत उतरत जाते. आमच्या घरात तिला कोणी टेकडी म्हणत नसे, 'उतार' म्हणत. युद्ध संपवून बाबा परत आले तेव्हा तो उतार म्हणजे नुसता मुरूम आणि धोंडे. म्हशीसुद्धा तिकडे फिरकत नसत. दर पावसाळ्यात अर्धा तळ्यात जायचा. असली जमीन बाबांनी होतं नव्हतं ते विकून विकत घेतली. लोक म्हणाले, लढाईत याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तेव्हा जन्मले नव्हते, नाहीतर मीही तेच म्हटलं असतं.

मग सुरू झालं ते आयुष्यभर चाललं. आडवे चर खणायचे, चरांखाली दगडांचे बांध घालायचे, बांधांवर गवत लावायचं, गवत धरलं की झाडं. आमच्या दिवाणखान्यात कोच नव्हता, गवताच्या बियांची पोती होती. आई त्यांच्यामुळे जन्मभर शिंकत राहिली. शाळेला सुटी लागली की इतर मुलं मामाकडे जात, आम्ही दोघं भावंडं दगड वाहत असू. चर अगदी एका पातळीत लागतो, नाहीतर पाणी एका बाजूला धावतं आणि बांध फोडतं. ती पातळी काढायला बाबांकडे पाण्याने भरलेली एक लांब नळी होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं धाकट्या भावाच्या हातात. दोन्हीकडचं पाणी एका रेघेवर आलं की पातळी जुळली. मी म्हणायची जुळली, तो म्हणायचा नाही. तो म्हणायचा जुळली, मी म्हणायची तुझे डोळे फुटलेत. बाबा मध्ये उन्हात उभे. शेवटी दोघांना एकेक ठेवून देत आणि स्वतः बघत.

हा धाकटा म्हणजे आमचे बंधुराज. बंधुराज पुढे त्याच विद्यापीठात शिकले, तिथेच चिकटले आणि आज तिथल्या बांधकाम खात्याचे प्रमुख आहेत. मी परिचारिका झाले, मेट्रन होऊन निवृत्त झाले. लग्न केलं नाही. बाबांची शेवटची वर्षं अंथरुणात गेली, ती मी काढली. सकाळी त्यांना आंघोळ घालायची आणि दुपारी उतारावर जाऊन ढासळलेला बांध लावायचा. आभार ना बाबांनी कधी मानले, ना उताराने.

बाबांनी उताराचा न्यास करून ठेवला होता. त्या जमिनीचं काहीही करायचं झालं तर आम्हा दोघा भावंडांची संमती लागेल. एक जण गेला तर मागे राहील त्याच्या एकट्याच्या मताने होईल. वकील म्हणाले होते, "कॅप्टनसाहेब, ही अट कच्ची आहे. उद्या दोघांचं एकमत झालं तर?" बाबा हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं ते तेवढंच. म्हणाले, "या दोघांचं? नळीतल्या पाण्यावरसुद्धा झालं नाही कधी."

तर आमचं एकमत झालं. बाबांना जाऊन पंधरवडा झाला नसेल, बंधुराज घरी आले, आवाजात साखर घालून. विद्यापीठाच्या नव्या इमारती टेकडीपलीकडे होणार आहेत. वळसा घालून जायचं तर लांब पडतं. उतारातून एक रस्ता काढला की झालं.

"नुसता रस्ता गं, ताई. बाकी झाडं राहतीलच. आणि नाव बाबांचंच देणार आहेत."

"नाव कोणाला हवंय?"

"तुला काय हवंय मग? आयुष्यभर शिव्या घालत आलीस त्या जागेला. सुटशील की."

ते मात्र खरं होतं. मला त्या उताराचा वीट आला होता. गुडघे गेले, पाठ गेली, तारुण्य कधीच गेलं होतं. शहरातला कोणी माणूस त्या बांधाकडे बघायला येत नव्हता, फक्त खालच्या तळ्याचं पाणी स्वच्छ कसं म्हणून कौतुक करत होता. मी म्हटलं, काढा तुमचा रस्ता. संमती सभेतच जाहीर करायची असं ठरलं, कुलगुरूंना तसं हवं होतं. दुधाचं लोणी ते हे.

सभेच्या दिवशी मला पुढच्या रांगेत नाही, थेट व्यासपीठावर बसवलं. मऊ खुर्ची, पुढे पाण्याची बाटली, छातीवर कागदी फूल. समोर भरलेलं सभागृह. पहिल्या दोन रांगांत जुने विद्यार्थी, म्हणजे दवाखान्याच्या बाकावर शोभतील असे. मागे आताचे विद्यार्थी, त्यांना हजेरीसाठी कोंबलेलं. निवेदिका प्रत्येक वाक्याला अशी थांबत होती, की आता ही रडणार. पण रडली नाही, पुढच्या पाहुण्याला बोलावलं.

आधी एक निवृत्त प्राध्यापक बोलले. बाबांना चिखलाच्या बुटांवरून बाहेर काढणारे ते हेच. आता त्यांना बाबांच्या बुटांना लागलेल्या मातीचा सुगंध आठवला. मग संघाचे अध्यक्ष बोलले, त्यांनी बाबांना युद्धात दोन वेळा जखमी केलं. बाबांना अख्ख्या युद्धात फक्त गालगुंड झालं होतं. मग खुद्द कुलगुरू उभे राहिले. त्यांचं भाषण कोणीतरी चांगल्या अक्षरात लिहून दिलेलं होतं. "रणांगणावर शौर्य आणि शांततेत सर्जन! ज्या हातांनी शस्त्र धरलं त्याच हातांनी रोप लावलं!" बाबांच्या हातात शस्त्र नव्हतं, पहार होती. ते इंजिनिअर पलटणीत होते. पण कुलगुरूंना वाक्य जमलं होतं, ते कोण सोडणार.

मी मनातल्या मनात हसत होते. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. अशा सभांमध्ये मेलेल्या माणसाचंच बरं असतं, त्याला टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत. मग निवेदिकेने सांगितलं, की आता कॅप्टनसाहेबांच्या जीवनकार्याचं दर्शन घडवणाऱ्या फलकाचं अनावरण होईल. पडदा सरकला.

व्यासपीठाच्या बाजूला भिंतभर फलक. त्यावर आमच्या जेवणघरातले ते दोन फोटो, दरवाजाएवढे मोठे केलेले. डावीकडे उघडा डोंगर, खाली ठळक अक्षरात 'पूर्वी'. उजवीकडे झाडीने भरलेला डोंगर, खाली 'नंतर'. मधोमध एक हिरवा बाण.

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

माझं हसू जागच्या जागी जिरलं. तो डोंगर आमचा उतार नव्हताच. तो इथला नव्हता, या देशातलाही नव्हता. युद्धात बाबांच्या पलटणीला हुकूम होता, की डोंगरापलीकडे तोफा न्यायला रस्ता काढा, लवकर काढा. बाबांनी तो आखला. वळणं घेत गेला असता तर झाडं वाचली असती, पण वेळ लागला असता. त्यांनी सरळ रेघ मारली, झाडी तोडली, सुरुंग लावले. आधी एक फोटो काढला, वरच्यांना पाठवायला. रस्ता झाला, बाबांना पदक मिळालं. मग पाऊस आला आणि रस्त्यासकट सगळा डोंगर खाली बसला. पायथ्याला एक गाव होतं, त्याची शेतं होती, विहीर होती. ते सगळं गाडलं गेलं. गावकरी लढाईला भिऊन आधीच पळाले होते, म्हणून मेलं कोणी नाही. फक्त त्यांना परत यायला जागा उरली नाही. दुसरा फोटो बाबांनी तेव्हा काढला, कोणीही मागितलेला नसताना. तोफा त्या रस्त्यावरून गेल्याच नाहीत. तोपर्यंत युद्ध संपलं होतं.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, अंथरुणाला खिळल्यावर, मी पाठ पुसत असताना. अगदी सपाट आवाजात. मी विचारलं, "सरळ रेघ का मारलीत पण?" ते म्हणाले, "विद्यापीठात तसंच शिकवलं होतं. दोन टोकांमधलं सगळ्यात कमी अंतर. त्यात मी पहिला आलो होतो."

पन्नासहून जास्त वर्षं त्या माणसाने जेवताना समोर स्वतःचं ते काम ठेवलं. आधी काय होतं आणि आपण काय करून ठेवलं. दोन घास गिळायचे आणि वर बघायचं. आणि या दीडशहाण्यांनी त्याला बाण काढला होता. हिरवा.

टाळ्या संपल्या तसे बंधुराज उठले. पडद्यावर नकाशा आला. हातातल्या दिव्याचा लाल ठिपका उतारावरून नाचवत म्हणाले, "हा प्रस्तावित कॅप्टन मार्ग. वळणं टाळून अगदी सरळ आखला आहे. दोन टोकांमधलं सगळ्यात कमी अंतर." तळ्याच्या बाजूने नव्या इमारतींपर्यंत एक लालभडक रेघ, आमचे चर, बांध, सगळं कापत गेलेली. बंधुराजांना ती गोष्ट ठाऊक नव्हती. बाबा त्यांना सांगतील कसे, ते बाबांच्या खोलीत कधी दहा मिनिटांच्या वर बसले नाहीत. पण फोटोंच्या जागा तर ठाऊक होत्या! त्याच टेबलावर जेवले होते ते. हातोडी आणून फोटो परत लावणारा बाप त्यांनीही पाहिला होता. तरी हे फलकाखाली उभे राहून गोड हसत होते.

"आता कॅप्टनसाहेबांच्या कन्या आपलं मनोगत व्यक्त करतील आणि एक आनंदाची घोषणाही करतील," निवेदिका म्हणाली.

मी ध्वनिक्षेपकापाशी गेले. भाषण वगैरे मला येत नाही. वॉर्डात बोलायचे तशी बोलले.

"फोटो उलटे लावलेत," मी म्हटलं. "झाडीचा आधीचा आहे. उघडा नंतरचा. हा आपला उतार नाही, दुसऱ्यांचा डोंगर आहे. माझ्या वडिलांनी त्यातून रस्ता काढला आणि तो डोंगर गावावर पाडला. पदक त्याचं आहे."

पुढचंही सांगितलं, शेतं, विहीर, सगळं. मागे कोंबलेल्या पोरांनीही माना वर केल्या. मला वाटलं, बसला टोला. आणि मग पहिल्या रांगेतून एकाने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळे वाजवायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तर उभे राहिले, डोळे पुसत.

कुलगुरू माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "केवढी ही विनम्रता! केवढं हे आत्मपरीक्षण! म्हणूनच मित्रहो, आपला हा रस्ता म्हणजे त्या जुन्या रस्त्याचं प्रायश्चित्त ठरेल." पुन्हा टाळ्या. मागून चिटणीस कानाशी कुजबुजला, "ताई, काळजी करू नका, खालच्या पाट्या उद्या बदलून घेतो."

पाट्या बदलून घेतो! दगडावर पाणी ओतलं तर निदान दगड ओला होतो. मी खूप माणसं पाहिली आहेत. मरताना खोटं बोलणारी पाहिली, आईला दवाखान्यात टाकून पळणारी पाहिली. पण कानफटात मारली तरी गाल पुढे करून 'वा वा' म्हणणारी ही जात मी पहिल्यांदाच पाहिली. यांना शरम आणता येत नाही. यांना वाईट बातमी दिली तरी ते तिचा कार्यक्रम करतात.

मी हात सोडवून घेतला.

"रस्ता होणार नाही," मी म्हटलं. "माझी संमती नाही."

टाळ्या तिथे थांबल्या. इतका वेळ मला वाटत होतं, यांना ऐकू येत नाही. येत होतं.

व्यासपीठामागच्या खोलीत बंधुराजांनी मला गाठलं. खोलीत हार, रिकाम्या खोक्यांचा ढीग आणि एक खडखडणारा पंखा. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. लहानपणी नळीचं टोक हातातून हिसकावल्यावर व्हायचा तसा.

"माझी अब्रू घालवलीस चारचौघांत."

"असती तर घालवली असती."

"ताई, तू स्वतः हो म्हणाली होतीस. तुला त्या जागेचा तिरस्कार आहे. आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"तुमचा जास्त आहे."

ते खुर्चीवर बसले. मग त्यांचा आवाज एकदम शांत झाला. शांत झाले की ते बाबांसारखे दिसतात, हे मला कधीच आवडलेलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी थांबतो. तू माझ्याहून मोठी आहेस, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मलाही माहितीये. मीच नेलं होतं तुला. तुझ्यानंतर मी एकटाच आहे. मला घाई नाही."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी तोंड फोडलं असतं. पण तो हिशेब बरोबर होता. माझ्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन करा, नाहीतर फार दिवस काढता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी नको म्हटलं होतं. जन्मभर माणसं चिरलेली पाहिली, आता स्वतःला कशाला चिरून घ्यायचं, आणि कोणासाठी? बाबा तेवढे पार पडले की आपण सुटलो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर रस्त्याला हो म्हणण्याचं तेही एक कारण होतं. जायचंच आहे तर मागे भानगड कशाला ठेवा.

घरी आले. जेवणघरात भिंतीवर फोटोंच्या जागी दोन पांढरे चौकोन होते. त्यांच्याकडे बघत वरणभात चिवडला, आणि संतापाने मला रडू आलं. बाबांवर आलं, बंधुराजांवर आलं, कुलगुरूंच्या त्या मऊ हातांवर आलं. बाबांनी एक डोंगर पाडला त्यांच्या तरुणपणी, आणि निस्तरायला मी! आता मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही. मी मेले की दुसऱ्या दिवशी ती लाल रेघ मारली जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, "करा ऑपरेशन. लवकरात लवकरची तारीख द्या."

रुग्णालय माझंच, जिथे मी नोकरी केली ते. सगळे ओळखीचे. तरी नियम तो नियम. जवळच्या नातेवाइकाची सही असल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि तो नियम तिथे सर्वांत कडक कोणी पाळला होता, तर मी. नवी मेट्रन माझ्याच हाताखाली तयार झालेली. ती संकोचून म्हणाली, "बाई, कोणाला बोलावू?" दुसरं होतं कोण? मी नंबर दिला.

मला वाटलं होतं, येणार नाही. यायची गरजच नव्हती. नाही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. कामात आहे, बाहेरगावी आहे, उद्या बघू, परवा बघू. असं चार-सहा महिने केलं असतं तरी काम झालं असतं, आणि कोणी बोट दाखवलं नसतं. सभेत शेकडो लोकांपुढे मला भीती वाटली नव्हती. त्या खाटेवर, तो पातळ झगा घालून पडल्यावर वाटली. 

तो आला. दाढी वाढलेली, अंगाला सिगरेटचा वास. माझ्याकडे न बघता त्याने डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशन झालं तर किती वर्षं?"

"नीट जपलं तर पंधरा वर्षं कुठे गेली नाहीत," डॉक्टर म्हणाले. "वीसही निघतील."

"आणि नाही केलं तर?"

"ते त्यांना सांगितलंय मी."

त्याने चष्मा लावला. सगळं शब्द न् शब्द वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. मी छताकडे बघत होते. मला त्याला म्हणायचं होतं, कर रे सही, आणि मला त्याच्याकडे काही मागायचंही नव्हतं. मग कागदावर पेन खरखरलं. त्याची सही अजून तशीच आहे, कोंबडीने पाय ओढल्यासारखी.

"झालं," तो म्हणाला. "माझा रस्ता मेला."

"तुझा नव्हताच तो."

"बरी झालीस की परत विचारणार आहे मी."

"मी परत नाहीच म्हणणार."

"माहितीये. तरी विचारणार."

तो स्टूल ओढून बसला. डॉक्टर गेले. जन्मात पहिल्यांदाच मला माझा भाऊ आवडला, आणि त्याचाही मला राग आला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, पाकीट अर्धं बाहेर आलं, मग आपण कुठे बसलो आहोत ते आठवून त्याने ते परत आत ढकललं. बोटं पिवळी पडली होती. श्वास घेताना छातीत बारीक शीळ वाजत होती. ती शीळ मी नोकरीत हजार छात्यांमध्ये ऐकली आहे, तिचा अर्थ मला पाठ आहे.

"सिगरेट सोड," मी म्हटलं.

तो हसला. "का? मी आधी गेलो तर तुझंच बरं की. उतार तुझ्या एकटीचा."

"हो," मी म्हटलं. "तरी सोड."